सात नंबरचे खांब

आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला विजेचा एक लाकडी खांब आहे. त्यावर छातीच्या उंचीला बाटलीच्या झाकणाएवढा पत्रा ठोकलेला आहे आणि पत्र्यावर सात हा आकडा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, खांबाचा नंबर असेल. तो खांबाचा नंबर नाही. तो माझ्या बाबांचा नंबर आहे.

बाबा लाकडाच्या डेपोत पारखी होते. डोंगरावर तोडलेले ओंडके ट्रक भरभरून तिथे यायचे आणि कुठल्या ओंडक्याचं पुढे काय व्हायचं हे बाबा ठरवायचे. लांब दांड्याची एक हातोडी, कमरेला निळ्या रंगाचा डबा, एवढीच त्यांची हत्यारं. ओंडक्याच्या बुडापासून सुरुवात करून वीत-वीत अंतरावर ठोकत ते शेंड्यापर्यंत जायचे, मान थोडी तिरकी करून. लाकूड आतून भरीव असेल तर खणखणीत वाजतं. पण कधीकधी झाड उभं असतानाच त्याचा गाभा कुजायला लागतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, साल छान, बुंधा सरळ. ठोकलं की मात्र बद्द वाजतं.

सरळ, लांब आणि खणखणीत असेल त्यावर बाबा निळा गोल काढायचे. तो सोलून, वाळवून, औषध पाजून खांब व्हायचा आणि त्यावर सात नंबरचा पत्रा बसायचा. जाड पण आखूड ओंडका करवतीखाली जायचा, त्याच्या फळ्या. फार गाठी असतील तर मालाची खोकी. आणि वाकडा, तडकलेला, बद्द वाजणारा असला की त्याच्या कपाळी फुली. फुलीचं लाकूड लगद्याच्या कारखान्यात जायचं नि कागद होऊन गावोगाव फिरायचं. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रिमाचं पुडकं फोडताना मी गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या बाबांनी नापास केलेलं सगळं शेवटी माझ्याच गळ्यात पडतं." बाबांना हा विनोद फार आवडायचा. ते तो डेपोत स्वतःचा म्हणून सांगायचे.

डेपोत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'कानवाले' म्हणायचे. मुकादमसुद्धा. घरीसुद्धा त्यांचं बोट स्वस्थ बसत नसे. नवीन कपाट आणलं की ठोकून बघ, दार ठोकून बघ, कलिंगड तर विचारूच नका. मला बघायला मुलगा आला तेव्हा बाबांनी तो बसला होता त्या खुर्चीची पाठ बोटाने वाजवली आणि म्हणाले, "खुर्ची बद्द आहे. माणूस बरा दिसतोय." आईने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र खो-खो हसला, आणि तिथेच माझं लग्न ठरलं असं मी समजते.

मुलगा लाइनमन होता. म्हणजे आहे. पायांत लोखंडी आकडे अडकवून, कमरेला पट्टा लावून खांबावर चढणं हे त्याचं काम. आता लाइनमनचा एक नियम असतो. चढायच्या आधी खांब खालून सगळ्या बाजूंनी ठोकायचा. बद्द वाजला तर चढायचं नाही, शिडीची गाडी मागवायची. नवरा हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा. फक्त पत्र्यावर सात नंबर दिसला की ठोकायचा नाही. "सासऱ्यांनी इथून तिथून ठोकलंय, आता मी परत कशाला ठोकू? अपमान होईल त्यांचा," असं तो म्हणायचा. त्याचं बघून त्याच्या टोळीतल्या बाकीच्यांनीही तेच सुरू केलं. सात नंबर? चढा. हे बाबांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी जेवताना दोनदा विषय काढला. एवढं कौतुक त्यांचं डेपोने एकतीस वर्षांत केलं नव्हतं.

हे सगळं मी आधी सांगते आहे कारण पुढे जे झालं त्यात कोणाचा दोष किती, हे मी वर्षभर मनात तोलते आहे. अजून माप जमलेलं नाही.

डेपोला लागूनच करवतीची शेड आहे. दिवसभर तिथे लाकूड चिरत असतं. डेपोकडून कानांत घालायला बोळे मिळायचे आणि सगळे ते घालायचे. बाबा घालत नसत. कान बंद करून पारख कशी करायची? त्यांचं खरंच होतं. त्या कानांवर पोट होतं आणि त्या पोटासाठीच ते कान गेले.

आधी उजवा गेला. आई वारली त्याच्या पुढच्या वर्षी. मग डावाही. बाबा आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आले होते, त्यामुळे माझ्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. हाक मारली की भलतीकडेच बघायचे. टीव्ही इतका मोठा लावायचे की बातम्या मला दुकानापर्यंत पुरायच्या. कुकरची शिट्टी होऊन भाजी जळून गेली तरी हे पाच पावलांवर पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तर म्हणाले, "लक्ष नव्हतं." बरं, लक्ष नव्हतं.

त्या वर्षीची डेपोतली डॉक्टरी तपासणी मला तारखेसकट आठवते. तपासणीचे छापील अर्ज माझ्याच दुकानातून गेले होते आणि पन्नास कमी पडले म्हणून मी ते द्यायला गेले. पत्र्याच्या खोलीत बाबा कानांवर आवाजाचं यंत्र लावून बसले होते. समोर पाठमोरा तपासनीस. तो एक कळ दाबायचा, की यंत्रात बारीक आवाज व्हायचा, आणि ऐकू आला की बाबांनी हातातलं बटण दाबायचं. बाबा पटापट दाबत होते. मला जरा आश्चर्यच वाटलं. मग मी त्यांच्या नजरेच्या रेघेत बघितलं. तपासनिसापुढे काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत त्याचं बोट स्वच्छ दिसत होतं. बोट खाली गेलं की बाबा बटण दाबत होते.

मी दारात उभी होते. अर्ज टेबलावर ठेवले आणि परत आले.

संध्याकाळी ते म्हणाले, "पास झालो."

मी म्हणाले, "छान."

तेव्हा मी का बोलले नाही याची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि ती मी लोकांना देतेही. त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. आई गेल्यावर त्यांना त्या हातोडीशिवाय काही उरलं नव्हतं. सगळं खरं. पण याच्या खाली आणखी एक उत्तर आहे, ते मी कोणाला देत नाही, इथे देते. हा माणूस उद्यापासून दिवसभर घरात बसला तर माझं काय होईल, याची मला धास्ती होती. सकाळी सातला त्यांची डब्याची पिशवी घेऊन ते बाहेर पडले की मला मोकळा श्वास घेता यायचा. तो मला सोडवत नव्हता. म्हणून मी मूग गिळून बसले.

बसले एवढंच नाही, मदतही केली. त्यांच्याशी बोलताना समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलायची सवय मी स्वतःला लावून घेतली. डेपोतून फोन आला की, "ते आंघोळीला गेलेत, मी सांगते" असं सांगायचे. बाबा इतक्या आंघोळी करतात हे मुकादमाला माझ्याकडूनच कळलं. एकदा जेवताना नवऱ्याने त्यांना काही विचारलं, त्यांनी भलतंच उत्तर दिलं. रात्रीची भांडी आवरताना नवरा म्हणाला, "बाबांना कमी ऐकू येतंय का गं?"

मी फाडकन म्हणाले, "तू तोंडातल्या तोंडात बोलतोस. मलाही अर्धं कळत नाही."

तो बिचारा तेव्हापासून बाबांशी स्पष्ट बोलायला लागला. शाळेत धडा वाचून दाखवतात तसं.

आणि डेपोत काय चाललं होतं? बाबांनी नवीन पद्धत काढली होती. उजव्या हाताने ठोकायचं आणि डाव्या हाताचा अंगठा ओंडक्यावर दाबून ठेवायचा. आवाज कानाला नाही कळला तरी लाकडाची थरथर हाताला कळते, असा त्यांचा हिशोब. तो अगदीच चूक नव्हता. गाभा पार पोकळ झाला असेल तर हाताला कळतं. पण मनगटाएवढीच कूज आत असेल तर ती फक्त कानाला सापडते. बाबांना ते ठाऊक होतं. ठाऊक नसायला ते काही नवखे नव्हते. डेपोतल्या दोन नव्या पारख्यांना वाटलं ही कानवाल्यांची खास हातोटी, म्हणून तेही अंगठा टेकवायला लागले. बाबांनी त्यांना हटकलं नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि ऐकून राग आला तो मात्र बाबांचा.

असे चौदा महिने गेले.

मग एका सकाळी सोलायच्या शेडसमोर क्रेनने एक खांब उचलला. निळा गोल असलेला, सोलून वाळवून तयार. जमिनीपासून पुरुषभर वर गेला आणि मध्येच काडकन मोडला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. दोन्ही तुकडे पडले आणि आतून तपकिरी भुगा सांडला, ओल्या चहापत्तीसारखा. मुकादम म्हणाला, "हजारात एखादा निघतोच. कानवाल्यांना सांगू नका, मनाला लावून घेतील." पण बाबा तिथेच उभे होते. त्यांनी मुकादमाचे ओठ वाचले.

ते रचून ठेवलेल्या तयार खांबांकडे गेले. एक ठोकला. दुसरा ठोकला. अंगठा लावून, अंगठा काढून. मग त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं आणि म्हणाले, "तू ऐक आणि मला सांग." पहारेकऱ्याला वाटलं चेष्टा आहे. सहाव्या खांबाला तो म्हणाला, "हा बद्द वाजतोय की हो." बाबांनी पुन्हा ठोकला. त्यांच्या लेखी तो पाचव्यासारखाच होता.

हे पहारेकऱ्याने मला नंतर सांगितलं. मला दिसले ते बाबा थेट दुकानात आलेले. दुपारचे साडेबारा वाजले होते, चार गिऱ्हाइकं उभी होती. बाबांच्या डोक्यावर डेपोचं हेल्मेट तसंच आणि हातात हातोडी. आत आले आणि ज्याला स्वतःचा आवाज कळत नाही तो माणूस जसा बोलतो तसं, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, मला ऐकू येत नाही."

मशीन चालू होतं. मी ते बंद केलं.

"निळा गोल काढलेले कितीतरी गेलेत," ते म्हणाले. "टेकडीपलीकडच्या नव्या लाइनला गेलेत. दोनशे बारा."

टेकडीपलीकडच्या नव्या लाइनवर माझा नवरा होता. सहा आठवड्यांपासून तिथेच होता. आणि सात नंबर दिसला की तो ठोकत नव्हता.

मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. चढताना फोन गाडीतल्या पेटीत ठेवायचा असा त्यांचा नियम, आणि हा एकच नियम माझ्या नवऱ्याने त्या दिवशी पाळला असेल. त्यांच्या कचेरीत लावला. साहेब जेवायला गेलेत, दोनला या म्हणाले. मी सांगितलं, माणूस वर आहे, खांब कुजका असेल. पलीकडची बाई म्हणाली, "तक्रार लिहून द्यावी लागेल." मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. एक गिऱ्हाईक स्वतः होऊन म्हणालं, "ताई, जा तुम्ही, मी दुकान बघतो." तो माणूस कोण होता मला अजून माहीत नाही.

स्कूटर काढली. बाबा मागे बसले, हातोडी मांडीवर आडवी धरून. आणि मग मी तोंड सोडलं. फाट्यापासून टेकडीपर्यंत मी त्यांना बोलले. तुम्हाला लाज कशी वाटली नाही, माणसं चढतात त्यावर, माझं माणूस चढतं त्यावर, काचेत बघून पास होता, आईने तुमचे कान पिळले असते. वारा तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, मी बोलतच होते. बाबा माझ्या मागे होते. माझे ओठ त्यांना दिसत नव्हते. त्या सगळ्यातला एक शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. टेकडीच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "जपून चालव. घाई करू नकोस."

नवी लाइन रस्त्यापासून आत उतारावर होती. खांब ओळीने उभे, नव्या औषधाचा वास अजून जात नव्हता. चौथ्या खांबावर नवरा होता. मला त्याचं पिवळं हेल्मेट दिसलं आणि तोंडातून हाक निघणार तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला. "ओरडू नकोस. दचकला तर हिसका बसेल." हे त्यांना सुचलं. मला सुचलं नव्हतं.

बाबा खांबाजवळ गेले. पत्र्यावरच्या साताकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि दोन्ही तळहात लाकडाला लावून उभे राहिले. त्यांनी पाठीने टेकू दिला असता तरी खांब पडायचा थोडाच थांबणार होता, पण हात काही काढले नाहीत. नवऱ्याने खाली बघितलं.

"अरे वा! बाप-लेक दोघंही? डबा विसरलो का मी?"

बाबा वर तोंड करून म्हणाले, "काम राहू दे. खाली ये. हळूहळू, झोके देऊ नकोस."

"का? काय झालं?"

बाबांना ते ऐकू गेलं नाही. मी म्हणाले, "ये म्हणतात ना! ये!"

तो उतरला. एकेक आकडा लाकडात रुततानाचा आवाज मी मोजत होते. सव्वीस. त्याचा पाय जमिनीला लागला तेव्हा मी मोजणं थांबवलं. बाबांनी हातोडी त्याच्या हातात दिली. "ठोक," म्हणाले. "सगळीकडून."

त्याने ठोकलं. खणखणीत. माझा जीव भांड्यात पडला. बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्याने मान हलवल्यावर म्हणाले, "मागचे तीनही ठोक."

तिसरा खणखणीत. दुसरा खणखणीत. पहिला, रस्त्याला सगळ्यात जवळचा, बद्द.

नवऱ्याने आणखी दोनदा ठोकलं. मग तो खांबापासून दोन पावलं मागे सरकला आणि वर, शेंड्याकडे बघत राहिला. "मंगळवारी मी यावर दोन तास होतो," तो म्हणाला. "माझ्याबरोबर आणखी एक जण होता."

तो हे नेहमीच्या आवाजात म्हणाला. बाबांना ओठांवरून कळलं असणार, कारण ते तिथेच, उतारावरच्या मातीत, हेल्मेट काढून बसले. डोक्याला घाम होता. त्यांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. काम थांबलं, दोनशे बारा खांब ठोकून झाले, सतरा बद्द निघाले. कोणालाही काही झालं नाही. लोक मला हे वाक्य अजून समजूत घालायला ऐकवतात.

चौकशी होण्याआधीच बाबांनी ठरवलं की स्वतः लिहून द्यायचं. दुकान बंद झाल्यावर ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. ते सांगत होते, मी टाइप करत होते, आणि पडद्यावर उमटलेली ओळ वाचून ते पुढची सांगत होते. ऐकू येत नसूनही काम करत राहिलो. तपासणीत काचेतल्या बोटाकडे बघून बटण दाबलं. त्या नव्या पारख्यांचा अंगठाही त्यांनी त्यात घातला, म्हणाले, "त्यांनी माझं बघून केलं, त्यांना दोष लावू नये असं लिही." मग म्हणाले, "लिही. घरच्यांना याची काहीही कल्पना नव्हती."

माझी बोटं थांबली.

मी त्यांच्याकडे वळले, ओठ दिसतील असं. "बाबा, हे खरं नाही. मला माहीत होतं."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "काचेत तूही दिसत होतीस. दारात."

 इतके महिने मला वाटत होतं, मी त्यांचं गुपित सांभाळते आहे.

"मी वाट बघितली," ते म्हणाले. "म्हटलं, घरी आल्यावर ही मला फाडून खाणार. तुझं तोंड मला माहीत आहे. पण तू छान म्हणालीस. मग मला वाटलं, चाललंय ते चालेल. ही म्हणते म्हणजे चालेल." आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "लिही. घरच्यांना कल्पना नव्हती."

मी लिहिलं. दोन प्रती काढल्या. कागद गरम असतानाच त्यांनी सही केली.

एक प्रत घरी टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ती वाचली. मी ओट्याशी उभी होते. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "घरच्यांना कल्पना नव्हती, असं लिहिलंय."

मी म्हणू शकले असते, हो ना. वर्षभर इतकं खोटं बोलले, त्यात आणखी एक. पण ते मंगळवारचे दोन तास माझ्या डोक्यातून जात नव्हते.

"मला होती," मी म्हणाले. "तपासणीपासून."

त्याने कागदाची घडी घातली. भांडला असता तर मी भांडले असते, भांडणात मला कोणी हरवलेलं नाही. तो नुसता म्हणाला, "म्हणजे मी तोंडातल्या तोंडात बोलत नव्हतो."

एवढंच. तेव्हापासून आमच्या घरात सगळं ठीक आहे. डबा नेतो, हसतो, बाबांच्या कानातल्या यंत्राचे सेल आठवणीने आणतो. त्या यंत्राने बाबांना बोलणं थोडंफार कळतं, लाकूड कळत नाही. फक्त मी काही सांगितलं, दूध आलंय, तुझा फोन वाजला, दाराला कडी घातली, की तो उठून एकदा बघून येतो. रागाने नाही. बद्द वाजलेल्या खांबावर माणूस जसा पुन्हा चढत नाही, तसं.

बाबा घरी बसायला लागून महिना झाला होता. एका संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि घरासमोरच्या खांबापाशी थांबला. आता तो एकही खांब ठोकल्याशिवाय सोडत नाही, मग सात असो की सत्तर. हा खांब बाबांनी बारा वर्षांपूर्वी पारखलेला, कान शाबूत असतानाचा. नवऱ्याने गाडीतून हातोडी काढली. ती बाबांचीच होती, त्यांनी त्याला देऊन टाकली होती. बाबा बाहेरच्या ओट्यावर बसले होते ते उठून गेले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. मीही हात पुसत बाहेर आले.

नवऱ्याने चारही बाजूंनी ठोकलं. खणखणीत वाजला, इतका की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर गेले. ओठ नीट हलवून, मोठ्याने म्हणाले, "खणखणीत आहे, बाबा. एकदम भरीव."

त्या दिवशी मी शंभर टक्के खरं बोलत होते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते, उलट जरा हसलेच. मग माझ्यावरून नजर काढून त्यांनी जावयाकडे वळवली आणि म्हणाले, "तू सांग."

नवऱ्याने मान हलवली. तेव्हा कुठे त्यांनी खांबावरचा हात काढला.